सुईला आधी काय दिसलं

मुलुंडहून किंवा घाटकोपरहून लोकल पकडायची, परळला उतरायचं, चालत केईएम रुग्णालय गाठायचं आणि आवारातल्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर जायचं. उपनगरांतली काही जोडपी कित्येक वर्षं हातात फाइल घेऊन ही वाट तुडवत आली आहेत. या मजल्यावर आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तोंडी नाव एनआयआयएच. फाइलमध्ये नवराबायकोच्या रक्ताचे रिपोर्ट असतात. दोघांच्याही रिपोर्टात ‘एचबी ए-टू’चा आकडा चारच्या वर गेलेला असतो. म्हणजे दोघेही थॅलसेमिया मायनर. त्यांना स्वतःला कधी काही झालेलं नसतं. रक्त थोडं कमी, एवढंच कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. पण दोघे मायनर असले की प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर निघण्याची शक्यता चारात एक.

मेजर म्हणजे काय, ते ज्या घरात असं मूल आहे तिथेच कळतं. जन्मतः बाळ गुटगुटीत असतं, मग काही महिन्यांत पांढरंफटक पडू लागतं. त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आयुष्यभर. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साचतं. ते काढायला पूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंप चालवावा लागे. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पोटात घेण्याची गोळी बाजारात आणली, तेव्हा कुठे त्या पंपातून बऱ्याच मुलांची सुटका झाली. भारतात दरवर्षी अशी साडेसात ते बारा हजार मुलं जन्मत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

हा आजार मुलुंड-घाटकोपरच्या वाट्याला जास्त का यावा? देशात सरासरी शंभरात तीन-चार माणसं थॅलसेमिया मायनर असतात. काही समाजांत मात्र हे प्रमाण पाचापासून सतरापर्यंत जातं. लोहाणा, कच्छी भानुशाली आणि सिंधी हे त्यातले ठळक समाज. कच्छहून व्यापाराला आलेली घरं घाटकोपर आणि मुलुंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदली. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित मुलुंड कॉलनी, चेंबूर आणि पुढे उल्हासनगरला वसले. मलेरियाच्या मुलखात थॅलसेमिया मायनर असणं फायद्याचं होतं, म्हणून हा दोष पिढ्यांमागून पिढ्या टिकला. लग्नं समाजातच होत राहिली, त्यामुळे मायनरची गाठ मायनरशी पडत गेली. माणसांनी गाव सोडलं, सोयरिकीची चौकट सोडली नाही.

गर्भातल्या बाळाची तपासणी करण्याच्या संशोधनाची सुरुवातही रक्ताच्याच भानगडीतून झाली. 1952 साली मँचेस्टरच्या डग्लस बेव्हिस यांनी दाखवलं, की आईचा आणि बाळाचा आरएच रक्तगट जुळत नसेल तर बाळाचं किती नुकसान होतंय ते गर्भजलातल्या पिवळ्या रंगावरून कळतं. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका विचित्र रक्तगटाची नोंद केली. जगभर तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पाच वर्षांनी मुंबईत रक्तगटांचं संदर्भ केंद्र निघालं. आजच्या एनआयआयएचचं मूळ तेच.

बेव्हिस यांनी गर्भजल काढलं होतं ते आजार मोजायला. त्यात तरंगणाऱ्या पेशी बाळाच्या असतात, हे लक्षात आल्यावर मात्र संशोधकांची नजर लगेच दुसरीकडे वळली. कॅनडात मरे बार आणि इवर्ट बर्ट्राम यांना 1949 साली मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका सापडला होता. मादीच्या पेशींत तो असायचा, नराच्या पेशींत नसायचा. 1956 साली कोपनहेगनचे फ्रिट्झ फुक्स आणि पोव्ल रिइस यांनी गर्भजलातल्या पेशींत हाच ठिपका शोधून मुलगा की मुलगी ते सांगून दाखवलं. जेरुसलेममध्येही त्याच सुमारास हेच झालं. हेतू वैद्यकीय होता. हिमोफिलियासारखे आजार आईकडून मुलग्यात उतरतात, तेव्हा गर्भ मुलग्याचा आहे का, एवढं कळलं तरी डॉक्टरांना पुरेसं होतं.

पुढची पायरी चढायला दशक गेलं. 1966 मध्ये स्टील आणि ब्रेग या अमेरिकन जोडीने त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुणसूत्रं मोजता येतात हे सिद्ध केलं. 1968 पर्यंत गर्भात डाउन सिंड्रोम ओळखता आला. 1975 साली चीनमधल्या आनशान शहरातल्या डॉक्टरांनी गर्भजलासाठी सोळा आठवडे थांबायचीही गरज ठेवली नाही. सोनोग्राफी नसतानाच त्यांनी बारीक नळीने वारेचे तंतू खेचून घेतले आणि पहिल्या तिमाहीतच लिंग ओळखलं. शंभर गरोदर बायकांच्या त्यांच्या अहवालात तीस गर्भपातांची नोंद आहे, आणि त्यातले एकोणतीस गर्भ मुलींचे होते.

आधी लिंगच का दिसतं, याला तांत्रिक कारण आहे. आईच्या शरीरातून काढलेल्या नमुन्यात बाळाची खूण शोधायची, तर आईकडे नसलेलं काहीतरी शोधावं लागतं. मुलग्याचं वाय गुणसूत्र आईकडे नसतं. त्यामुळे कोणतंही नवं तंत्र आपण गर्भापर्यंत पोचलो हे सिद्ध करायला आधी लिंग ओळखून दाखवतं. आजार ओळखायला मग कित्येक वर्षं लागतात. या मधल्या काळात ते तंत्र ज्या समाजाच्या हातात पडतं, तो त्याचं काय करतो, हा मुंबईचा इतिहास आहे.

दिल्लीच्या एम्समध्ये सत्तरच्या दशकात गर्भजल परीक्षेचे प्रयोग सुरू झाले, ते जन्मजात व्यंगं शोधण्यासाठी. तिथल्या डॉक्टरांना लवकरच कळलं, की येणाऱ्या बायकांना व्यंगाची फारशी चिंता नाही. मुलगी असल्याचं कळलं की त्या गर्भपात मागतात. दशक संपेपर्यंत सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगासाठी ही चाचणी करायला मनाई केली. खाजगी दवाखान्यांचं काय, हे त्यात कुठेच नव्हतं.

ती फट मुंबईच्या बाजाराने बरोबर हेरली. ऐंशीच्या दशकात लोकलच्या डब्यांत, रस्त्यांवरच्या भिंतींवर, छोट्या पत्रकांत जाहिराती दिसू लागल्या. आज काहीशे रुपये खर्च करा आणि उद्याचे हुंड्याचे लाखो वाचवा, असा त्यांचा उघड हिशेब. आई-बाप सुशिक्षित आहेत, डॉक्टर परवानाधारक आहे, चाचणी वैज्ञानिक आहे. मग हरकत कसली, असा युक्तिवाद मराठी घरांतही ऐकू येई. चाळीत एखादीला दोन मुली झाल्या की शेजारीण ‘पाणी तपासून घे’ म्हणे. गर्भजल परीक्षेला बायकांनी दिलेलं हे घरगुती नाव फार लवकर रुजलं.

1986 साली राज्याचे आरोग्य सचिव डी. टी. जोसेफ यांच्या पुढाकाराने सरकारने मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी करवून घेतली. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थतर्फे डॉ. संजीव कुलकर्णी यांनी ती केली. मुलाखती दिलेल्या डॉक्टरांपैकी 84 टक्के लिंग कळावं म्हणून गर्भजल परीक्षा करत होते. यातले बहुतेक कुणी गुन्हेगार नव्हते, सभ्य आणि प्रतिष्ठित माणसं होती, आणि म्हणूनच तो अहवाल वाचवत नाही. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं.

याच सुमारास मुंबईत लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला. विभूती पटेल, डॉ. आर. पी. रवींद्र, डॉ. अमर जेसानी अशी स्त्री चळवळीतली आणि आरोग्य चळवळीतली माणसं त्यात होती. आई-बाप आपल्या मुलींना घेऊन मोर्च्यात चालले. विधानसभेत हा विषय खाजगी विधेयकातून नेला तो गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी. ‘पाणीवाली बाई’ म्हणून उपनगरांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, ते नळाच्या पाण्यासाठी केलेल्या लढ्यामुळे. गर्भजलाची लढाईही त्यांनी त्याच चिकाटीने लढवली. 1988 साली महाराष्ट्राने प्रसवपूर्व निदानाच्या वापरावर नियमन आणणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य.

या कायद्याने सरसकट बंदी घातली नाही, नियमन आणलं. बंदीच घातली असती तर परळची प्रयोगशाळाही बंद पडली असती. कारण थॅलसेमियासाठीही सुई तीच होती. केंद्राने 1994 मध्ये हा विषय देशभरासाठी कायद्यात घातला आणि 1 जानेवारी 1996 पासून तो लागू झाला. कोणत्या कारणांसाठी गर्भाची तपासणी चालेल याची त्यात यादी आहे: गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी निगडित आजार, जन्मजात व्यंगं. हिमोग्लोबिनचे आजार म्हणजे थॅलसेमिया आणि सिकलसेल. लोहाणा-सिंधी जोडप्यांच्या फाइली या एका कलमामुळे कायदेशीर राहिल्या.

त्या फाइलींवरचं काम ऐंशीच्या दशकात फार अवघड होतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये युएट वाय कान यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर गर्भाचं रक्त काढून थॅलसेमिया ओळखला होता. मुंबईतली वाटही तीच. अठरा ते वीस आठवडे थांबायचं, मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत नाळेतल्या शिरेत सुई घालून थोडंसं रक्त घ्यायचं, आणि किरणोत्सारी अमिनो आम्ल वापरून ग्लोबिनच्या साखळ्या किती बनताहेत ते मोजायचं. मोजणीला दिवस लागत. तोवर बाळ आईला लाथा मारू लागलेलं असे. निकाल वाईट आला तर पुढचा निर्णय कोणत्या अवस्थेत घ्यावा लागत असेल, याची कल्पना न केलेली बरी.

नव्वदच्या दशकात सगळं बदललं. गर्भाचं रक्त हवंच असं उरलं नाही, कारण बिघडलेला जनुक शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात वारेचे तंतू घेतले की काम भागतं. आनशानचंच तंत्र, पण आता सोनोग्राफीच्या नजरेखाली. तंतू प्रयोगशाळेत आले की पहिलं काम सूक्ष्मदर्शकाखाली बसून करायचं: आईच्या गर्भाशयाचे तुकडे चिमट्याने वेगळे काढायचे आणि बाळाचे पांढरे, फांद्याफांद्यांचे तंतू बाजूला घ्यायचे. हे नीट झालं नाही तर उत्तर आईचंच येतं. मग डीएनए काढून नायलॉनच्या पट्टीवर सोडायचा. पट्टीवर थॅलसेमियाच्या नेहमीच्या बिघाडांचे ठिपके आधीच बसवलेले असतात. निळा उमटेल तो ठिपका बाळाचा. बिघाड कोणता, हे त्या ठिपक्याच्या जागेवरून कळतं.

एनआयआयएचमध्ये डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह, डॉ. अनिता नाडकर्णी, डॉ. अजित गोरक्षकर यांनी वर्षानुवर्षं हेच केलं: कोणत्या समाजात कोणता बिघाड आढळतो याचा नकाशा तयार केला. भारतात सर्वांत जास्त सापडतो तो आयव्हीएस 1-5 नावाचा बिघाड. सिंधी आणि लोहाणा घरांत मात्र आणखी एक खास खूण दिसते, बीटा जनुकातली 619 अक्षरंच गळालेली. त्यामुळे समुपदेशनाच्या टेबलावर विचारला जाणारा ‘तुमचा समाज कोणता, मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न तिथे पूर्णपणे वैज्ञानिक असतो. त्यावरून आधी कोणती पट्टी लावायची ते ठरतं.

तरीही एक गोष्ट यंत्रांच्या हाती नव्हती. बरीच जोडपी उशिरा यायची आणि बहुतेक जण घरात एक मेजर मूल जन्मल्यानंतरच. पाचवा महिना लागलेला असेल तर तंतू घेऊन उपयोग नाही, पुन्हा नाळेतलंच रक्त. संस्थेने त्यासाठीही रस्ता काढला. किरणोत्सारी मोजणी बाजूला ठेवून एचपीएलसी यंत्रावर गर्भाच्या रक्तातला प्रौढ हिमोग्लोबिनचा अंश पाहायचा. उत्तर त्याच दिवशी. अशी पळवाट शास्त्राच्या पुस्तकात सन्मानाने बसत नाही, पण मुंबईत तिने अनेकांची अडलेली कामं केली.

इकडे लिंगनिदानात सोनोग्राफीने गर्भजलालाही मागे टाकलं. 1994 च्या कायद्याच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सुई होती. तो लागू होईपर्यंत यंत्रं बोरिवली-अंधेरीच्या छोट्या दवाखान्यांत पोचली होती. कायदा कागदावरच राहिल्यावर 2000 साली सांताक्रूझच्या वाकोल्यातली ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्थांनी आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने राज्यांना जाब विचारला, आणि यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांना कुणाकुणाला यंत्रं विकली त्याच्या याद्या द्यायला लावल्या. 2003 मध्ये कायदा दुरुस्त होऊन गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली. मुली नको म्हणणाऱ्यांनी हार मानली नाही. दोन मुली असलेल्या एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात हा कायदाच घटनाबाह्य असल्याचा दावा केला. 2007 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

आज उपनगरातल्या कोणत्याही सोनोग्राफी सेंटरच्या दाराशी ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असते. आत प्रत्येक गरोदर बाईसाठी ‘एफ फॉर्म’ भरला जातो: नाव, आधीची मुलं, तपासणीचं कारण. खाली बाईची सही, मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. या फॉर्ममधल्या चुका हा निव्वळ कारकुनी प्रकार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये डॉक्टरांच्या संघटनेला ठणकावून सांगितलं. डॉक्टरांची त्यावरची चिडचिड खोटी नाही. पण 1986 चे 84 टक्के आठवले, की फॉर्मचा कंटाळा परवडतो. राज्यातलं सहा वर्षांखालच्या मुलांतलं मुलींचं प्रमाण 1991 मध्ये हजारी 946 होतं, 2011 मध्ये 894 झालं. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी असताना लेखक लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारा ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला, तेव्हा रेडिओलॉजिस्टांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2011 मध्ये हरली.

सोनोग्राफीमुळे वेगळाच पेच पडला तो 2008 मध्ये. भाईंदरच्या एका बाईच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं कळलं ते वीस आठवडे उलटल्यावर. गर्भपाताचा 1971 चा कायदा वीस आठवड्यांवर थांबत होता. तो कायदा ज्या समितीच्या अहवालातून आला, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री शांतीलाल शाह होते. त्यांच्या काळी गर्भाचं धडधडतं हृदय पडद्यावर बघता येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या बाईच्या बाजूने डॉ. निखिल दातार न्यायालयात उभे राहिले. उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर काही दिवसांतच तिचा गर्भ आपोआप पडला. खटला हरला, पण प्रश्न मिटला नाही. गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने आठवड्यांची मर्यादा न ठेवणारी दुरुस्ती 2021 मध्ये झाली, तोवर तेरा वर्षं गेली होती.

दरम्यान सुईच नको, असं म्हणणारं संशोधन येऊन ठेपलं होतं. 1997 साली डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बाळाचा डीएनए आईच्या रक्तद्रवात तरंगत असतो. त्यांनी तो ओळखला कसा? पोटात मुलगा असलेल्या बायकांच्या रक्तात वाय गुणसूत्राचे तुकडे शोधून. 1956 मध्ये लिंग, 1975 मध्ये लिंग, 1997 मध्येही आधी लिंगच. फरक एवढाच, की या खेपेस भारतात कायदा आधीपासून जागेवर होता. दशकाहून अधिक काळानंतर हे तंत्र एनआयपीटी नावाने बाजारात आलं आणि आता अंधेरीच्या लॅबमध्येही दंडातलं थोडं रक्त देऊन डाउन सिंड्रोमची शक्यता तपासता येते. बाळ मुलगा की मुलगी, ते अहवालात नसतं.

थॅलसेमियाच्या जोडप्यांना मात्र या नव्या तंत्राचा अजून फारसा उपयोग नाही. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राचे तुकडे जास्त आहेत का, एवढंच मोजायचं असतं. थॅलसेमियात आईच मायनर, म्हणून बिघडलेला जनुक तिच्या रक्तात आधीच भरपूर असतो. त्यातला बाळाचा वाटा वेगळा काढायचा कसा? वडिलांचा बिघाड आईपेक्षा निराळा असेल तर तो शोधता येतो, आणि तो नसेल तर बाळ मेजर नाही हे कळतं. पण एकाच समाजातल्या नवराबायकोत दोघांचाही बिघाड बऱ्याचदा तोच निघतो, तेच आयव्हीएस 1-5 किंवा तीच 619 अक्षरांची गळती. एनआयआयएचने आईच्या रक्तातून गर्भाच्या तांबड्या पेशी वेचायचे प्रयोगही केले. रोजच्या वापरात ते आले नाहीत. महापालिकेने बोरिवली पूर्वेला थॅलसेमियाच्या मुलांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र उभारलं आहे, त्यामुळे जन्मलेल्या काही मुलांना बरं होण्याची संधी आहे. जन्माआधी कळायचं असेल, तर मुलुंडच्या लोहाणा जोडप्याला अकराव्या आठवड्यात वारेचे तंतू द्यावेच लागतात.